धोंड्याचा महिना

९ मे २०२६, शनिवार. वैशाख वद्य सप्तमी.

आज अकबरचाचांकडून भांग पुन्हा एकदा समजावून घेतला. दौंडात भांग दोनच. एक डोक्यावर पाडतात, दुसरी डोक्यात जाते. चाचांचा तिसरा. अष्टमीच्या आसपास समुद्राचा जोर उतरतो, पाणी धड चढत नाही, धड ओसरत नाही, ते दिवस म्हणजे भांग. पुनवेला आणि अमावास्येला उधाण. भरतीचंही तसंच. इथं भरती म्हटलं की पहाटे रस्त्यावर धापा टाकत पळणारी पोरं. गेल्या वर्षी मी चाचांना आमच्या पेपरच्या वार्ताहर बैठकीला नेलं, तिथं ते म्हणाले, "आज दुपारी भरती हाय," तर दोघे फॉर्म कुठं मिळतो विचारायला लागले.

चाचा म्हणजे शेजारच्या आसमीनचे वडील. वय सत्तरीच्या पुढं. गाव कालवेवाडी, रत्नागिरीकडचा समुद्रकाठ. (कालवे म्हटलं की आमच्या तालुक्याला पाटाचं पाणी आठवतं. तिकडं शिंपल्यातली कालवं खातात.) समुद्रानं आधी त्यांची नारळाची रांग नेली, मग परसदार नेलं, मग स्वयंपाकघराची भिंत. दोनदा भिंत बांधली. तिसऱ्यांदा आसमीनच्या नवऱ्यानं, रेल्वेतल्या अफताबनं, जाऊन त्यांना इथं आणलं. त्याला चार वर्षं झाली.

संध्याकाळी आम्ही भीमेच्या घाटावरच्या बाकावर बसतो. मी त्यांना सांगितलं, "चाचा, संस्कृतात वेला म्हणजे काठ आणि वेला म्हणजेच वेळ. एकच शब्द."

"मंग तुमच्या संस्कृतवाल्यांचं घर पन दर्यावरच आसंल," चाचा म्हणाले.

पाटलाच्या पोरानं संस्कृतात एम.ए. करून काय मिळवलं, असं आमच्या गावी, केंदूरला, अजून विचारतात. एक श्रोता मिळवला, एवढं तरी आता सांगता येईल.

१२ मे, मंगळवार. वैशाख वद्य दशमी.

कालवेवाडीहून चाचांच्या धाकट्या भावाचा, हुसेनभाईंचा फोन. गावाला शेवटी दगडी बंधारा मंजूर झालाय. आधी लोकांनी आपापली घरं वर डोंगराच्या कुशीत नेली, मग विहिरी खाऱ्या झाल्या म्हणून टाक्या बांधल्या, थंडीत मशीदही उतरवून वर नेली. खाली राहिलं ते कब्रस्तान. बंधाऱ्याचा पाया त्याच्या समुद्राकडच्या ओळीवरूनच जाणार. म्हणून ती ओळ उकरून वर आंब्याखाली न्यायची, असं जमातीनं ठरवलंय. शेजारच्या खारवीवाड्यातली हिंदू मच्छीमार माणसंही हात लावायला येणार आहेत. त्यांच्याशी बोलूनच दिवस धरलाय. ज्येष्ठाच्या भांगाला.

त्या ओळीत शहाबानोचाची आहेत.

चाची वादळाच्या वर्षी गेल्या. तेव्हा टाळेबंदी, कोणाला घराबाहेर पडायची मुभा नव्हती. मातीला चौघंच होते, त्यातले दोघं आता नाहीत आणि एक आखातात आहे. हुसेनभाई तेव्हा गुजरातच्या ट्रॉलरवर अडकलेले. कबरीवर नाव लिहायची त्यांच्याकडं पद्धत नाही. उशाशी एक चिरा असतो, तो गेल्या दोन पावसाळ्यांत वाहून गेला. म्हणजे जागा माहीत असलेला माणूस एकच, आणि तो दौंडात.

"जागा कशी ओळखणार?" मी विचारलं.

"दर्यात जालं टाकायची जागा कशी वलखतो? बेटावरचा दिवा आन् मशिदीचा मिनार एका रेषेत घ्यायचा. तीच जागा. तिला बोललेलो मी तवाच, तुला बराबर खुनेवर ठेवलीय."

मग म्हणाले, "पाटील, ज्येष्ठाचा भांग म्हंजी ह्याच चांदाला ना? ईदीच्या आदी?"

मी पंचांग काढलं. यंदा ज्येष्ठ अधिक आहे. सतरापासून अधिक ज्येष्ठ, खरा ज्येष्ठ जूनच्या मध्यावर सुरू होतो. अधिक मास म्हणजे मलमास, त्यात नवं काम कोणी काढत नाही. त्यातून हे असलं काम! शास्त्राला सोडून खारवीवाडा त्याला हात लावेल, हे शक्यच नाही. मी चाचांना हे सगळं सविस्तर सांगितलं. निज ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, बावीस जून.

"मंग अजून दीड म्हैना हाय?"

"आरामात. ईद करा, नातवंडांना भेटा. मीही येतो बरोबर. समुद्र मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही पोलीस बंदोबस्तात."

चाचा हसले. त्यांचा चेहरा एकदम सुटल्यासारखा वाटला. दिवसभर फार उकडत होतं, आता जरा वारा आला होता, त्यामुळं असेल.

१७ मे, रविवार. अधिक ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा.

केंदूर. टँकरची बातमी. पाण्याचे फोटो काढायला गेलो आणि हंड्यांचे काढून आलो.

चुलते हौसराव आप्पा ओट्यावर होते. "धोंड्याचा म्हैना लागला. सासुरवाडीचं बोलावणं आलं का न्हाई?"

आलं होतं. अनिताच्या आईनं शिरूरहून स्वतः फोन केला होता. अधिकात जावयाला धोंडे-अनारसे घालतात. पंचवीस वर्षांचा जुना जावई असला तरी. मी सांगितलं, दौंडात कामं आहेत.

"अनिताबाई शिरूरला, तू दौंडाला," आप्पा म्हणाले. "ह्यो संसार हाय का दोन तालुक्यांची हद्द?"

"आप्पा, तिची शाळा शिरूरला आहे."

"शाळंला सुट्टी हाय की मे म्हैन्याची."

आप्पांना उन्हाळ्यात फार सुचतं. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, धोंड्यात कबरी हलवतील का कोणी?

"धोंड्यात आमी इहिरीला हात लावत न्हाई, कबरींचं काय घिऊन बसलास! पर त्ये दर्यावरचं लोक. त्यांचं त्यांना इचार."

पहिलं वाक्य महत्त्वाचं. शास्त्र आणि रूढी दोन्ही माझ्या बाजूनं आहेत.

२० मे, बुधवार. अधिक ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी.

एस.टी.ची दोन तिकिटं काढली, वीस जूनची रात्र, स्वारगेटहून. खिडकी चाचांना. कितीतरी दिवसांनी मी कुठं जायची तिकिटं काढली.

घाटावर चाचा आभाळाकडं बघत होते. चंद्राची कोर पुलाच्या वर आली होती. "चांद भरत चाललाय," ते म्हणाले. "इतं आल्यापास्नं ध्यानातच राहत नाय. तितं झोपेत पन कळायचा." थोड्या वेळानं म्हणाले, "एकदा हुसेनला इचारतो. कंचा भांग म्हनून."

मी म्हणालो, "विचारा की. पण माणसं ठरलेल्या गोष्टीत उगाच गोंधळ घालून घेतात. ज्येष्ठ म्हणजे निज ज्येष्ठ, यात विचारण्यासारखं काही नाही." आणि मग थोडी थट्टा केली, की चाचा, चार वर्षांत तुमचा चंद्र रेल्वेच्या टायमिंगवर चालायला लागलाय.

तरी त्यांनी परत आल्यावर फोन लावलाच. दारातून ऐकू येत होतं. "हां हुसेन. भांगाला येतो. हां, भांगालाच. नाय, ईसरनार कसा?" एवढंच. दोघांनीही पुढं काही विचारलं नाही.

आसमीननं मला हळूच सांगितलं, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. ईदीला अब्बा इथंच पाहिजेत. तिकडं गेले की महिनाभर जेवत नाहीत."

सगळ्यांचंच बरं झालं.

२३ मे, शनिवार. अधिक ज्येष्ठ शुद्ध अष्टमी.

हे नीट लिहून ठेवतो.

दुपारी जेवून आडवा झालो होतो. आसमीन धावत आली. "काका, चला लवकर. हुसेनचाचांचा फोन आलाय, अब्बांना काही सुचत नाहीये."

चाचा पलंगाच्या कडेला बसले होते. मोबाईलवर हुसेनभाई. व्हिडिओ कॉल. मागं समुद्र आणि फावडी घेतलेली माणसं.

"खंय पोचलास?" हुसेनभाई ओरडत होते. वारा फार होता. "आमी सकालधरनं थांबलाव. सगल्यांच्या काडून झाल्या. भाभीचीच ऱ्हायलीय."

"आज?" चाचा म्हणाले. "आज कशी?"

"आज भांग नाय? तूच बोललास ना, भांगाला येतो?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "त्यांना विचारा, अधिकात कसं काय काढलं?"

ते चाचांनी विचारलं नाही. फोन मीच हातात घेऊन विचारलं. हुसेनभाईंना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "साहेब, पुनवेला उधाण हाय. दर्याला कसला अधिक म्हैना?"

ठेकेदार उद्या सकाळी दगड टाकणार. डंपर येऊन उभे आहेत. पुनवेच्या उधाणाआधी पायथा भरला नाही तर पाणी मागच्या सगळ्या ओळींत शिरेल. हुसेनभाई त्याच्याकडं एक दिवस मागून आले होते. तो म्हणाला, एका कबरीसाठी बाकीच्या पन्नास घालवू का? त्याचं काही चूक म्हणता येत नाही.

चाचा म्हणाले, "फोन फिरव. दिवा दिसतो काय?"

"दिवा दिसतो. मिनार नाय. मिनार उतरवला नाय काय आपन!"

"मिनाराचं जोतं हाय ना? त्याच्या डाव्या कोनावर हुबा ऱ्हा. आता दिव्याकडं तोंड कर. चल. चल. अजून. सावकाश—"

चाचांचं बोट पडद्यावर होतं. रेती, कोणाचे तरी पाय, रेती. आसमीन त्यांच्या खांद्यामागं उभी राहून तोंडावर पदर धरून बघत होती.

"थांब," चाचा म्हणाले, "हितं नाय, जरा डाव्या अंगाला—" आणि चित्र थिजलं. चाचांचं बोट तसंच काचेवर राहिलं. ते त्या थिजलेल्या चित्राशी आणखी थोडा वेळ बोलत होते. "हां, जरासाच. हां."

पुन्हा लावला तेव्हा फोन बंद. संध्याकाळी लागला. दोन ठिकाणी खणून पाहिलं होतं. दोन्ही रिकामी.

अफताबनं ड्युटीवरूनच सुट्टी टाकली. दोघं संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेले, तिथून एस.टी. मीही निघणार होतो, पण शिरूरच्या पाणी आढावा बैठकीची बातमी सोमवारी द्यायची होती. स्टेशनवर पोचवायला गेलो. चाचांनी खिडकीतून माझा हात धरला. म्हणाले, "पाटील, उनात उबे ऱ्हाऊ नका."

ऊन केव्हाच गेलं होतं.

२५ मे, सोमवार.

अफताबचा फोन. काल दुपारी पोचले. सकाळीच दगड पडायला सुरुवात झाली होती. माणसाच्या छातीएवढे धोंडे, त्यांची उतरण पार पाण्यापर्यंत.

"अब्बांनी काही केलं नाही," अफताब म्हणाला. "मला वाटलं रडतील, डंपरपुढं झोपतील. ते जोत्यावर जाऊन उभे राहिले, दिव्याकडं बघितलं आणि चालत गेले. एका दगडापाशी थांबले. ऑपरेटर बिहारचा होता बिचारा, त्यानं मशीन बंद केलं. विचारलं, 'चाचा, हटाऊँ?' अब्बा म्हणाले, 'नाय. मागं गाव हाय.'"

बैठकीची बातमी दिली. आतल्या पानावर आली, चार ओळी.

२८ मे, गुरुवार.

ईद. चाचा तिकडंच आहेत. अफताब एकटाच परत आला.

आसमीन डबा घेऊन आली. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता ही विचारणार. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. भाऊ भावाशी स्पष्ट बोलत नाही, ठेकेदार घाई करतो, नेटवर्क मिळत नाही. सगळी खरीच आहेत.

ती म्हणाली, "काका, अब्बांना काही बोलू नका हं फोनवर. त्यांना फार लागलंय. म्हणत होते, 'पाटलानं मला दोनदा सांगितलं, हुसेनला इचारून घे. मीच इचारलं नाय. माजंच डोकं चालत नाय आता.'"

मी डबा घेतला.

मी असं सांगितल्याचं मला काही आठवत नाही. पण घाटावर आम्ही रोज किती बोलतो. एखाद्या वेळी बोललोही असेन. चाचा खोटं बोलणारे नाहीत. एवढं मात्र खरं, की त्यांची स्मरणशक्ती अलीकडं कमी झाली आहे. आसमीनला मी तसं म्हणालोही. ती मान हलवून रडायला लागली.

जेवण चांगलं होतं. जेवलो नाही.

३१ मे, रविवार.

रात्री हुसेनभाईंना फोन केला. उधाण आलं. बंधारा टिकला. चार वर्षांत पहिल्यांदा पाणी कब्रस्तानात शिरलं नाही, मागच्या ओळी जागच्या जागी आहेत, वरच्या वाडीतली माणसं बघायला खाली आली होती. पोरांनी फटाके वाजवले.

चाचा कुठं आहेत विचारलं.

"दगडावर बसलाय. चाय तितंच पाठवतो."

९ जून, मंगळवार.

अनिताचा फोन. आप्पांनी तिला चाचांचं सांगितलंय. तिनं विचारलं, "तुझा काय संबंध आला यात?"

म्हटलं, शेजारी आहेत.

"तुझा आवाज असा का येतोय?"

म्हटलं, रेंज नाही.

मग म्हणाली, जेवत जा.

बाकावर आता दुसरं कोणीतरी बसतं.

२१ जून, रविवार. कालवेवाडी.

तिकिटं काढलेली होती. चाचांचं परत केलं नाही, शेजारची जागा रिकामीच आणली. कंडक्टरनं दोनदा विचारलं, हे दुसरे कुठं उतरले?

गाव आता सगळं वर आहे. चिऱ्याची नवी घरं, प्रत्येकाच्या दारात काळी टाकी, जोती कमरेएवढी उंच. वाटेवर आंब्याखाली ताज्या मातीची एक ओळ. प्रत्येक ढिगाच्या उशाशी नवा चिरा आहे आणि यंदा त्यावर नावं आहेत. पद्धत बदलली त्यांनी. शेवटी एक जागा नुसती आखून ठेवलेली, खणलेली नाही.

चाचा वाळले आहेत. मला बघून उठले, दोन्ही हात धरले. खाली बंधाऱ्यावर घेऊन गेले. दगड तापलेले होते. समुद्र राखाडी, मोठा, आणि फार जवळ. मी इतक्या जवळून पाहिला नव्हता. एका धोंड्यावर त्यांनी तळहात ठेवला. इतर धोंड्यांसारखाच.

"ही," ते म्हणाले. एवढंच.

मला वाटलं, आता काहीतरी बोलावं. इतकी वर्षं शब्दांवर पोट भरलंय. दौंडहून येताना रात्रभर मी एक वाक्य तयार केलं होतं, अगदी साधं, त्यात अधिक मास होता आणि मी होतो. ते मी उच्चारायला लागलो. "चाचा, त्या दिवशी मी तुम्हाला—"

"वारा हाय," चाचा म्हणाले. "वर चला. हुसेन चायला वाट बगतोय."

हुसेनभाईंच्या ओसरीवर दहा-पंधरा माणसं जमली होती. काही जमातीची, काही खारवीवाड्यातली. खुर्ची एकच होती, ती मला दिली. शहाळं फोडलं, चहा आला. चाचांनी सगळ्यांना ओळख करून दिली. "हे पाटील. पेपरवाले. माज्या शेजारी ऱ्हातात. संस्कृत शिकलेले हायत."

एका म्हाताऱ्या खारव्यानं मला हात जोडले. "तुमीच काय ते? अकबर सांगतो, तुमी त्याला सारखं सांगत होतांव, इचारून घे, इचारून घे म्हनून."

सगळे माझ्याकडं बघत होते. चाचा जमिनीकडं.

हुसेनभाई म्हणाले, "तुमचं आयकलं असतं ना ह्यानं साहेब, तर भाभी आज वर आंब्याखाली असती."

"नाय आयकलं," चाचा म्हणाले.

कोणीतरी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मी तो प्यालो.